रोहिणीच्या आत लिअर

बाभुळगावात मे महिन्यात उघड्यावर नाटक करायचं, तर रात्री नऊच्या आधी सुरुवात करता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. सूर्य मावळला तरी काळी जमीन तास-दोन तास वाफ सोडत राहते आणि पत्र्याखाली बसवत नाही. माणसं अंगणात पाणी शिंपतात, खाटा बाहेर काढतात, आणि मग कुठे गाव बोलायला लागतं. नाटकाची खरी वेळ ती. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये, अडचण नेमकी उलटी आहे. जूनमध्ये तिथे दिवसाचे जवळपास बावीस तास सूर्य असतो, आणि तिथली फेअरबँक्स शेक्सपिअर थिएटर ही मंडळी उन्हाळ्यात मोकळ्या आभाळाखाली शेक्सपिअर करते. रात्रीच्या प्रसंगालाही अंधार मिळत नाही. भुतं आणि चेटकिणी लख्ख उजेडात यायच्या आणि प्रेक्षकांनी त्यांना अंधारातलं मानायचं. हे मानून घेणं शेक्सपिअरला नवं नव्हतं. १५९९ साली उभं राहिलेलं त्याचं ग्लोब नाट्यगृह वरून उघडं होतं, खेळ दुपारी होत, आणि एक पेनी देऊन आत आलेली माणसं रंगमंचासमोरच्या अंगणात तासन्तास उभी राहत. मॅकबेथच्या काळोख्या रात्री त्या माणसांनी उन्हात उभं राहून पाहिल्या आहेत.

मराठीत मात्र शेक्सपिअर आला तो कॉलेजातून आणि छापखान्यातून. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो' १८६७ चं. आगरकरांच्या 'विकारविलसित'चं, म्हणजे आपल्या पहिल्या मोठ्या हॅम्लेटचं, नातं डोंगरीच्या तुरुंगातल्या एकशे एक दिवसांशी आहे. देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. पुढे वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका', शिवराम महादेव परांजप्यांचा 'मानाजीराव', शिरवाडकरांचा 'राजमुकुट', विंदांचा 'राजा लिअर'. ही परंपरा मोठी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण ती पुण्या-मुंबईच्या बंद नाट्यगृहांत वाढली. २०१२ साली लंडनच्या नव्या ग्लोबमध्ये शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांत झाली. आपल्याकडून हिंदी गेली, गुजराती गेली. 'ट्वेल्फ्थ नाइट'चं 'पिया बहरूपिया' करणाऱ्या हिंदी चमूत गीतांजली कुलकर्णी ही आपली मराठी अभिनेत्री होती. मराठी भाषा त्या यादीत नव्हती. दीडशे वर्षं शेक्सपिअर जवळ बाळगणाऱ्या भाषेला उघड्या रंगमंचावर उभं राहण्याची ती संधी मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि तरीही उघड्यावर रात्रभर नाटक करणारी, त्यावर पोट भरणारी आणि तिकीट काढून ते पाहणारी माणसं महाराष्ट्रात आजही आहेत. ती आमच्याच विदर्भात आहेत.

बाभुळगावहून निघालं की वर्धा नदी ओलांडायची, कापसाचा मुलूख मागे टाकत पूर्वेकडे जायचं, वैनगंगा ओलांडली की वडसा. गडचिरोली जिल्ह्यातल्या या गावाचं कागदावरचं नाव देसाईगंज, पण नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भाताच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि वडसा ही तिच्या नाटकांची राजधानी. दिवाळीच्या सुमाराला इथे कंपन्यांची कार्यालयं उघडतात. दारावर त्या वर्षीच्या नाटकांचे फलक लागतात, आतल्या टेबलावर तारखांची वही असते, आणि गावोगावची मंडळं येऊन आपल्या तारखेला नाटक ठरवून जातात. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते. धान कापून झालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, बांध्या मोकळ्या असतात. मंडईला किंवा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, लेकी-जावई येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक ठरलेलंच. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या, पट भरेनासे झाले, तरी नाटकं थांबली नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं परवानगी दिली आणि पट पुन्हा भरू लागले; २०२३ च्या निकालानं ते कायमचे मोकळे झाले.

झाडीतलं नाट्यगृह कसं असतं ते सांगायला हवं, कारण ग्लोबची चित्रं पाहिलेल्या माणसालाही ते चकित करतं. मैदानात एका बाजूला उंच रंगमंच बांधतात. त्याच्यासमोरची जमीन खोदून उतरती करतात, म्हणजे पुढचा माणूस खाली आणि मागचा वर. सतरंजी टाकून शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीलाही रंगमंच दिसावा, ही त्यामागची योजना. एका रात्रीसाठी माती खणून इतका विचार करणारं गाव नाटकाला काय मानत असेल, हे त्यावरून कळतं. रंगमंचाच्या अगदी पायाशी वादक बसतात. वर तारेला माइक लोंबत असतात आणि नट वाक्य घेण्याआधी न पाहता बरोबर माइकखाली येऊन थांबतो. ते पाऊल मी मुद्दाम निरखलं आहे. रागानं थरथरत मागे गेलेला बाप पुढच्या वाक्याला दीड पाऊल पुढे सरकतो, मान किंचित वर करतो, आणि आवाज थेट खड्ड्याच्या टोकापर्यंत जातो. राग कुठे तुटत नाही. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. शेकडो रात्री उभं राहिल्यावर ते अंगात येतं.

नाटक दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मध्ये गाणी होतात, गाण्याला वन्स मोअर मिळतो, विनोदी पात्र येऊन प्रेक्षकांशी बोलून जातं, आणि पुन्हा कथा धरली जाते. बाया घोंगड्या-चादरींत पोरं गुंडाळून बसलेल्या असतात. मागे भजी आणि चहाच्या कढया. नाटकात सासूनं सुनेला छळलं की बायांच्या बाजूनं शिव्या येतात आणि नट त्या शिव्या अंगावर घेऊन पुढचं वाक्य अधिक जोरात टाकतो. डॉ. परशुराम खुणे हे या रंगभूमीचे नामवंत कलावंत. आठशे वेगवेगळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग, अशी त्यांची नोंद आहे. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीतल्या कित्येक गावांना तो आपलाच मान वाटला. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांच्या 'झॉलीवूड' या चित्रपटानं ही दुनिया शहरातल्या प्रेक्षकांपुढेही आणली.

झाडीपट्टीवर टीका होते. संहिता घाईत लिहिल्या जातात, तालमी थोड्या, प्रॉम्प्टरवर भिस्त जास्त, आणि अलीकडे नाचगाणं कथेला खाऊन टाकतं. यातलं बरंचसं खरं आहे. पण बाकीचं सगळं तिथे आहे. दूरवर पोचणारा आवाज आहे, रात्रभर उभं राहण्याचं बळ आहे, बोलणारा प्रेक्षक आहे, विनोद आणि रडं एकाच प्रवेशात चालवून घेण्याची सवय आहे, गाणं आहे. शेक्सपिअरला याहून वेगळं काय लागतं? त्याच्याकडे कबर खोदणारे विनोद करतात आणि पुढच्याच क्षणी तरुण मुलीची तिरडी येते. मुंबईच्या प्रेक्षकाला हे समजावून द्यावं लागतं. झाडीतल्या प्रेक्षकाला लागणार नाही.

नाटकासाठी एकत्र राहणं, ज्याला आज आपण शिबिराचं जगणं म्हणून ओळखतो, तेही आपल्याकडे नाटक कंपन्यांच्या काळापासून आहे. तेव्हा त्याला कंपनीचं बिऱ्हाड म्हणत. साताऱ्याची शाहूनगरवासी नाटक मंडळी १८८१ ची. गणपतराव जोशी तिचे मोठे नट, त्यांचा हॅम्लेट पाहिलेली माणसं म्हातारपणी नातवंडांना त्याविषयी सांगत. बळवंतराव जोग त्यांच्यासोबत स्त्री-भूमिका करत. कंपन्या गावोगाव जात, भाड्याच्या वाड्यात सगळे एकत्र उतरत, एका पंगतीत जेवत. लहान मुलं तिथेच वाढत, तिथेच पाठांतर करत. आज ज्याला आपण अभिनयाचं शिक्षण म्हणतो, ते त्या पंगतीत आणि त्या ओसरीवर होई. वाक्य कसं घ्यायचं हे मुलगा तालमीत शिके. ते मनात कसं ठेवायचं, हे तो मोठ्या नटाला दिवसभर पाहून शिके. झाडीतला कलावंत आजही दिवसा गावातल्या कुणाच्या घरी झोपतो, त्यांच्याच घरी वरण-भात जेवतो, संध्याकाळी तोंडाला रंग लावतो. नाटक आणि जगणं वेगळं न ठेवण्याची ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते.

दिग्दर्शक हबीब तन्वीरांनी हे ओळखलं होतं. १९७३ मध्ये त्यांनी रायपुरात छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांची महिनाभराची कार्यशाळा घेतली. गावातले नट आणि शहरातला दिग्दर्शक एकत्र राहिले, आणि त्यातून 'गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभं राहिलं. वीस वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच रक्ताच्या नटांना घेऊन त्यांनी 'मिडसमर नाइट्स ड्रीम' केलं, 'कामदेव का अपना, वसंत ऋतु का सपना' या नावानं. हे नाटक मुळात एका गावठी नाटकमंडळीचं आहे. सुतार, विणकर, भाता दुरुस्त करणारा, कल्हईवाला, शिंपी असे कारागीर राजाच्या लग्नात नाटक करायचं ठरवतात आणि गावात बघे मागे लागून बेत फुटू नये म्हणून रात्री जंगलात तालमीला जातात. विणकराला सगळ्याच भूमिका स्वतःला हव्या असतात. मंडळींना काळजी, की सिंहानं डरकाळी फोडली तर राजवाड्यातल्या बाया घाबरतील. हे वाचताना मला लंडन दिसत नाही, वडसा दिसतं. छत्तीसगड तर गडचिरोलीला लागूनच. रायपुरात जे घडलं, ते वैनगंगेच्या काठी घडायला कुणाची हरकत होती?

दूर उत्तरेतल्या लहान भाषांनी हे धाडस केलं आहे. स्वीडनमधल्या युकासयार्वी या उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या गावात २००३ मध्ये बर्फाचं ग्लोब नाट्यगृह बांधलं गेलं, वरून उघडं. त्यात नॉर्वेतल्या कौतोकेइनोच्या सामी नाट्यसंस्थेनं हॅम्लेट केला, तोही सामी भाषेत. रेनडियर पाळणाऱ्या समाजाची ती भाषा; बोलणारे थोडे हजार. अलास्कात जूनोच्या पर्सिव्हिअरन्स थिएटरनं ट्लिंगिट लोकांच्या भाषेत, त्यांच्या कुळांच्या चालीरीतींत मॅकबेथ उभा केला आणि २००७ मध्ये तो वॉशिंग्टनच्या अमेरिकी आदिवासींच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेला. मोठ्या भाषांत ही नाटकं आधीच असताना त्यांनी आपल्या भाषेचा हट्ट धरला, कारण राज्य, कुळ, बापाचा खून, भावाचा दगा हे त्यांच्याच घरातले विषय होते.

आमच्या घरातला विषय लिअर आहे.

एक म्हातारा बाप नकाशा पसरून बसतो आणि तीन मुलींना जमीन वाटतो. आधी विचारतो, कुणाचा माझ्यावर किती जीव आहे? दोघी गोड बोलतात आणि जमीन घेतात. तिसरीला तसं बोलता येत नाही, ती काही नाही म्हणते, आणि तिला काही मिळत नाही. मग ज्यांना दिलं त्या दोघी त्याला दारात उभं करत नाहीत आणि म्हातारा वादळात उघड्यावर येतो. शिरवाडकरांनी यातून 'नटसम्राट' घेतला. १९७० च्या डिसेंबरात तो रंगमंचावर आला आणि डॉ. लागूंनी तो असा केला, की मराठी माणसाला लिअर म्हटलं की त्यातले बेलवलकरच आठवतात. पण त्या वाटेवर जमीन सुटली. बेलवलकरांचं दुःख मध्यमवर्गीय घरातलं, मुलगा-सून, मुलगी-जावई यांच्या दिवाणखान्यातलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात बापाचं आणि लेकरांचं जे काही बिघडतं, ते जमिनीवरून. आणेवारी, फेरफार, बांध, विहिरीचं पाणी, पाळी. आमच्या तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झालं. गावं उठली, शेतं पाण्याखाली गेली, मोबदला आला, आणि तो मोबदला कुणाच्या घरात कसा वाटला गेला, हे गावातल्या प्रत्येक पारावर माहीत आहे.

आणि मुली? शेक्सपिअरच्या नाटकात मुलींना जमीन मिळते. आमच्याकडे २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि गावोगाव त्याचं उत्तर तयार झालं. ते उत्तर म्हणजे हक्कसोड पत्र. बाप गेला की बहिणींना तहसीलला बोलावतात. साडी-चोळी होते, गोडाचं जेवण होतं, आणि सह्या होतात. जी सही करते तिचं माहेर राहतं. जी करत नाही तिला राखीला दार बंद. म्हणजे आमच्याकडे परीक्षा उलटी आहे. बाप विचारत नाही किती जीव आहे. भाऊ विचारतात, आणि जीव आहे हे सिद्ध करण्यासाठी बहिणीला जमीन सोडावी लागते. कॉर्डेलियाचं ते गप्प राहणं या तालुक्यातल्या बायांना जितकं कळेल, तितकं कुठल्या विद्यापीठात कळणार नाही. माझ्या मनात तो प्रवेश वऱ्हाडीतच ऐकू येतो. "सांग वं पोरी, तुहा माह्यावर किती जीव हाये?" आणि ती खाली पाहून, हातातला पदर सोडत म्हणते, "काई नाई, बाबा." त्यानंतरची शांतता मैदानात पसरलेली मला ऐकायची आहे.

हे करू शकतील अशा बाया आमच्या भागात रंगमंचावर उभ्या राहून झाल्या आहेत. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं, वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं 'तेरवं' हे नाटक शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांचं आहे, आणि त्यात अशाच घरांतल्या बायांनी काम केलं. शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे त्यांपैकी एक. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि मोठा गदारोळ झाला. शेवटी उद्घाटन झालं ते वैशाली येडे यांच्या हातून. त्या दिवशी त्या उभ्या राहून जे बोलल्या, त्यात नाटकानं कमावलेला आवाज होता. कधी माइक हातात न घेतलेली बाई तालमीतून काय होऊ शकते, हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

म्हणून मला बाभुळगावात उन्हाळी नाट्यशिबिर हवं आहे. शहरातल्या शिबिरांसारखं दोन तासांचं, डबा घेऊन येण्या-जाण्याचं नको, राहण्याचं हवं. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला क्वेस्ट संस्थेच्या 'गोष्टरंग' उपक्रमात तरुण नट एकत्र राहतात, तालमी करतात आणि आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांना गोष्टी करून दाखवतात. गीतांजली कुलकर्णी यांचा त्यात पुढाकार आहे. तो घाट इथे बसेल. मे महिन्यात शाळेची इमारत रिकामी असते. वऱ्हाडात कापसाचा शेवटचा वेचा फाल्गुनापर्यंत संपतो, पऱ्हाटी उपटून होते, तुरी-हरभरा घरात आलेला असतो. झाडीपट्टीला मोकळा वेळ दिवाळीनंतर मिळतो, आम्हाला अक्षय तृतीयेच्या आगेमागे. पहाटे पाचला आवाजाचा सराव, नऊच्या आत उभी तालीम, दुपारभर कूलरच्या खोलीत पाठांतर आणि झोप, संध्याकाळी पुन्हा मैदान. जेवणाला भाकर, ठेचा, आंबील, कैरीचं पन्हं. पाण्याचा टँकर गावानं द्यायचा. वडशाचे दोन जाणते नट पंधरा दिवस इथे येऊन राहावेत आणि माइकखालचं ते पाऊल आमच्या पोरांना शिकवावं. कंपन्यांचा हंगाम होळीला संपतो, तेव्हा ते मोकळे असतात. लिअर साठीच्या पुढचा, स्वतःची जमीन वाटून बसलेला माणूसच हवा. तो शोधायला लांब जावं लागणार नाही. विदूषकासाठी भारुड करणारा कुणी. तीन मुलींसाठी गावातल्याच बाया, आणि त्यांच्या तालमीची वेळ त्यांनी ठरवायची, कारण चूल आणि लेकरं त्यांच्याच मागे आहेत.

खर्चाची मला फार भीती वाटत नाही. झाडीतली मंडळं तिकीट लावून नाटक आणतात आणि वर चार पैसे गावाच्या कामाला उरवतात. मैदानात उतरता खड्डा खणायला ट्रॅक्टर एक दिवस लागेल. वीज जाईल हे धरून जनरेटर ठेवावा लागेल. भीती आहे ती संहितेची. लिअर वऱ्हाडीत लिहायचा, तो विनोदी न करता लिहायचा, हे अवघड काम आहे. वऱ्हाडी ऐकली की हसायचं, अशी सवय सिनेमानं आणि एकपात्री प्रयोगांनी महाराष्ट्राला लावली आहे. या बोलीत मर्तिक होतं, भांडणं होतात, बाया रात्रभर दळत-कांडत गात होत्या, हे ज्याच्या कानात आहे त्यानंच ते लिहावं. विंदांचा लिअर उशाशी ठेवावा, पण वाक्य घरातलं घ्यावं.

तारीख मात्र घट्ट धरायला हवी. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते आणि वारं फिरतं. दुपारी ढग, संध्याकाळी धूळ, रात्री विजा, पत्रे उडतात, आंब्याचा सडा पडतो. ७ जूनला मृग, आणि मग सरकी टोबायची घाई. कुणी नाटकाला थांबत नाही आणि थांबूही नये. तिसऱ्या अंकातलं वादळ खरं आलं तर लिअर करणारा म्हातारा त्यात उभा राहील यात मला शंका नाही, पण वायरी आणि लेकरं सांभाळायची आहेत. पहिला प्रयोग मेच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री नऊला, जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात. संहितेचा पहिला खर्डा पोळ्यापर्यंत झाला, तर पुढच्या दिवाळीत वडशाला जाऊन त्या दोन नटांच्या तारखा घेता येतील.